गर्दी किती, त्याआधी गर्दी कुठे

२०१३ साली प्रयागच्या कुंभमेळ्याला बारा कोटी लोक आले, असे तेव्हा सरकारी हवाल्याने सगळीकडे छापून आले. हार्वर्ड विद्यापीठातील इयान बार्नेट, तरुण खन्ना आणि युक्का-पेक्का ओनेला यांनी पुढे त्या मेळ्याच्या काळातील मोबाइल फोनच्या नोंदी अभ्यासल्या आणि २०१६ मध्ये आपला अंदाज प्रसिद्ध केला : सहा कोटी दहा लाख. म्हणजे सरकारी आकड्याच्या जवळपास निम्मा. मात्र मौनी अमावास्येच्या, म्हणजे १० फेब्रुवारीच्या सर्वांत मोठ्या दिवसाबद्दल दोन्ही बाजूंत तेवढे अंतर नव्हते. प्रशासन तीन कोटी म्हणत होते, संशोधक अडीच कोटी. एका दिवसाचे आकडे जवळ येतात आणि एकूण आकड्यात दुपटीचा फरक पडतो, याचे एक सरळ कारण मोजण्याच्या रीतीत आहे. घाटावरच्या रोजच्या आकड्यांची बेरीज केली, की दहा दिवस मुक्काम करणारा माणूस दहादा मोजला जातो. फोनच्या नोंदीत तोच क्रमांक दहा दिवस दिसला तरी तो एकच धरता येतो. पण या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच १० फेब्रुवारीच्या संध्याकाळी अलाहाबाद रेल्वे स्थानकावर चेंगराचेंगरी झाली आणि ३६ जणांचे प्राण गेले. बारा कोटी खरे की सहा कोटी, तीन खरे की अडीच, यातल्या कोणत्याही उत्तराने त्या घटकेला स्थानकात नेमकी कुठे किती माणसे दाटली आहेत, हे कळणार नव्हते.

बिनतारी सेन्सरनी गर्दी मोजण्याचे तंत्र आता जगभर वापरात आहे. त्याविषयी बोलताना बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो एकूण आकड्याचा. सभेला नेमके किती आले, यात्रेला किती भाविक जमले, विक्रम झाला की नाही? हे सेन्सर अशा एकूण आकड्याचा अंदाज देऊ शकतात, पण तो त्यांचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. कोणत्या वाटेवर, कोणत्या मिनिटाला, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने गर्दी वाढते आहे हे सांगणे, हे त्यांचे खरे बळ. आपण हे तंत्र पहिल्या कामासाठी विकत घेतले तर पैसा खर्च करून जुनेच वाद नव्या यंत्राने घालू. दुसऱ्या कामासाठी, योग्य पथ्ये पाळून, वापरले तर माणसे वाचतील. महाराष्ट्राला या भेदाची निकड आहे, कारण नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे आणि आषाढीची वारी तर दरवर्षीच असते.

गर्दी मोजण्याची जुनी पद्धत आधी समजून घेऊ, कारण नवी पद्धतही शेवटी तिच्याच आधाराने उभी राहते. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून चौकातली विद्यार्थ्यांची आंदोलने दिसत. चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणली. त्यातून आलेले ठोकताळे आजही वापरले जातात : विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि अगदी ठासून भरलेल्या गर्दीत अडीच चौरस फूट. आपल्या मापात सांगायचे तर एका चौरस मीटरला अनुक्रमे साधारण एक, अडीचच्या आत-बाहेर आणि चारहून थोडी जास्त माणसे. हा हिशेब दादरच्या शिवाजी पार्कला लावून पाहावा. मैदान सुमारे २८ एकरांचे, म्हणजे साधारण १ लाख १३ हजार चौरस मीटर. व्यासपीठ, जिमखाने, मोकळ्या वाटा, सगळे धरून इंच न् इंच भरला असे मानले तरी विरळ गर्दीत सव्वा लाखाच्या आत, दाट गर्दीत पावणेतीन लाखांच्या आसपास आणि श्वास कोंडेल अशा दाटीत पाच लाखांच्या आत माणसे मावतील. मग त्या मैदानातल्या सभेला कोणी दहा लाख म्हणाला, तर तो कोणत्या पक्षाचा आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही. क्षेत्रफळ आणि दाटी या दोनच गोष्टी हातात असल्या, तरी अतिशयोक्तीचा मोठा भाग गळून पडतो.

पण ही पद्धत बसलेल्या किंवा उभ्या असलेल्या गर्दीसाठी आहे. गर्दी चालू लागली, की ती अपुरी पडते. मोर्चा, विसर्जनाची मिरवणूक, पालखी सोहळा, पर्वणीच्या दिवशीचा घाट, या सगळ्या ठिकाणी माणसे येत असतात आणि जात असतात. दुपारी बाराचे छायाचित्र सकाळी सहाला स्नान करून परतलेल्यांबद्दल काही सांगत नाही. मोजमापाला विश्वासार्ह अशी संस्था आणि जाहीर रीत नसेल, तर ते वादातच बुडते, याचे उदाहरण वॉशिंग्टनचे आहे. १६ ऑक्टोबर १९९५च्या ‘मिलियन मॅन मार्च’ला चार लाख लोक आले, असे तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने सांगितले. आयोजकांनी न्यायालयात खेचण्याची धमकी दिली. बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी छायाचित्रांवरून काढलेला सुधारित अंदाज ८ लाख ३७ हजारांचा होता आणि त्यात वीस टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. पुढे अमेरिकी काँग्रेसने उद्यान सेवेला अशा मोजणीवर पैसे खर्च करण्यापासून रोखले. म्हणजे आकड्यावरून भांडण झाले, म्हणून मोजणेच बंद झाले. बोस्टनच्या अभ्यासकांनी चुकीचा पट्टा उघडपणे सांगितला, ही त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती, आणि तीच कोणाच्या लक्षात राहिली नाही.

आता बिनतारी सेन्सर कसे काम करतात ते पाहू. आपल्या खिशातला फोन वाय-फाय चालू असताना गप्प नसतो. आसपास ओळखीचे नेटवर्क आहे का, हे विचारणारे छोटे संदेश तो अधूनमधून हवेत सोडत असतो. प्रत्येक संदेशावर त्या उपकरणाचा एक पत्ता असतो. खांबावर बसवलेले, वहीएवढ्या आकाराचे आणि काही हजार रुपयांत तयार होणारे यंत्र हे संदेश ऐकते आणि दर मिनिटाला किती वेगवेगळे पत्ते ऐकू आले ते मोजते. ब्लूटूथचे संदेशही असेच ऐकता येतात. अशा यंत्राचा पल्ला काही डझन मीटरांचा असतो. याहून ढोबळ माहिती मोबाइल टॉवरकडून मिळते. कोणत्या टॉवरला किती फोन जोडलेले आहेत हे कंपनीला कळते, पण ते एका मोठ्या परिसरापुरते. याहून बारीक माहिती वाटेवरच्या मोजणीयंत्रांकडून मिळते. अवरक्त किरणांचा अडसर, दाबाने चालणारी चटई अशी यंत्रे माणूस पुढून गेला की एक अंक वाढवतात आणि तो अंक रेडिओ संदेशाने नियंत्रण कक्षाला कळवतात. यातल्या शेवटच्या प्रकारात नाशिकचा वाटा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले, मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम झाला. त्यात शाळकरी वयाच्या नीलय कुलकर्णी याने पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी ‘आशिओतो’ ही चटई सहकाऱ्यांसह विकसित केली. २०१५च्या सिंहस्थात ती प्रत्यक्ष वाटेवर अंथरली गेली आणि १८ तासांत सुमारे पाच लाख लोकांची मोजणी तिने केली.

चटई जवळपास प्रत्येक माणूस मोजते, पण फोन ऐकणारे यंत्र सगळ्यांना मोजत नाही. ते शितावरून भाताची परीक्षा करते. ही परीक्षा खरी ठरायची तर शित कुठले घेतले आणि भात सगळीकडे सारखा शिजला आहे का, हे आधी ठाऊक हवे. बेल्जियममधल्या गेंट शहरात २०१० साली दहा दिवसांच्या नागरी उत्सवात विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ ठिकाणी ब्लूटूथ ऐकणारी यंत्रे बसवली. त्यांना सुमारे ८० हजार फोन आढळले. उत्सवाला येणाऱ्यांची संख्या यापेक्षा कितीतरी मोठी होती. म्हणून त्यांनी काही ठिकाणी डोळ्यांनी माणसे मोजली आणि यंत्राला ऐकू आलेल्या फोनशी ताडून पाहिली. शंभर माणसांमागे साधारण अकरा फोन सापडतात, असे प्रमाण निघाले. हे प्रमाण कळल्यावरच यंत्राच्या आकड्याला अर्थ आला. इटलीतल्या मिलानमध्ये संशोधकांनी सान सिरो स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यांच्या वेळी मोबाइल नेटवर्कचा वापर किती वाढतो हे पाहिले. तिथे प्रेक्षकसंख्या आधीच ठाऊक होती, म्हणून अंदाज पडताळता आला. फोनवरून होणारा इंटरनेटचा वापर आणि प्रेक्षकसंख्या यांचे नाते घट्ट निघाले. दोन्ही उदाहरणांचा धडा एकच आहे. यंत्र माणसे मोजत नाही, खुणा मोजते. खुणांपासून माणसांपर्यंत जाण्याचा पूल दर ठिकाणी, दर वेळी, माणसांनी केलेल्या मोजणीनेच बांधावा लागतो.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. गेंटचे अकरा टक्के पंढरपूरला कसे लागू पडतील? ते पडणार नाहीत, आणि तसे कोणी मानू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन होता. आता हे प्रमाण वाढले असेल, पण दरी पूर्ण बुजली आहे असे मानता येत नाही. वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आजीकडे फोन नसतो किंवा साधा, बटणांचा असतो. तो वाय-फायचे संदेश पाठवत नाही. लहान मुलांकडे तर नसतोच. म्हणजे फोन ऐकणारे यंत्र तरुण पुरुषांना जास्त पाहते आणि स्त्रिया, वृद्ध, मुले यांना कमी. चेंगराचेंगरीत धोका सर्वाधिक कोणाला असतो, याचा विचार केला तर ही त्रुटी केवळ गणिती नाही हे ध्यानात येते. मांढरदेवीच्या काळुबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी तीनशेच्या आसपास माणसे मरण पावली. अशा यात्रेत ज्यांच्याकडे फोन आहे तेवढ्यांचीच गर्दी मोजणे म्हणजे निम्म्या लोकांकडे पाठ फिरवणे. म्हणून वाटेवर माणसे मोजणारी चटई किंवा किरणांचे अडसर आणि जागोजागी हातातल्या मोजणीयंत्रांसह उभे स्वयंसेवक, यांच्यावाचून फोनचे सेन्सर एकटे वापरू नयेत, अशी माझी ठाम भूमिका आहे. पण या आक्षेपाने सेन्सर निरुपयोगी ठरत नाहीत. एकाच वाटेवर, एकाच दिवशी, येणाऱ्यांमध्ये फोनवाल्यांचे प्रमाण मिनिटागणिक बदलत नाही. त्यामुळे एकूण किती, याचे उत्तर डळमळीत असले, तरी दहा मिनिटांत गर्दी दीडपट झाली, हे उत्तर पुष्कळच भरवशाचे असते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे आणि तोही खरा आहे. ॲपलने २०१४ साली आयफोनच्या प्रणालीत असा बदल केला, की नेटवर्क शोधताना फोन आपला खरा पत्ता न सांगता मनाने बनवलेला, बदलता पत्ता सांगतो. अँड्रॉइडनेही पुढे हीच वाट धरली. त्यामुळे एकच फोन तासाभरात अनेक पत्ते घेऊन फिरतो आणि भोळे यंत्र त्याला अनेक माणसे समजते. उलट, पडदा बंद असलेला फोन कमी बोलतो, म्हणून तो मोजणीतून निसटतो. गर्दीमुळे येणारी एक अडचण याहून गंभीर आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे असते. गर्दी जितकी दाट, तितकी लहर कमी दूर जाते. शिवाय हजारो फोन एकाच वेळी बोलू लागले, की संदेश एकमेकांवर आदळून हरवतात. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो, नेमक्या त्याच वेळी यंत्राला कमी ऐकू येण्याची शक्यता असते. गर्दी वाढत असताना आकडा वाढायचा थांबला, तर ती सुटकेची खूण समजू नये. यावर उपाय आहेत. यंत्र डोक्यांच्या वर, खांबावर उंच लावावे. तासाऐवजी एक-दोन मिनिटांच्या छोट्या खिडकीत पत्ते मोजावेत, म्हणजे पत्ता बदलण्याचा परिणाम घटतो. लहरी क्षीण होण्यालाच मोजमाप बनवता येते : दोन यंत्रे एकमेकांशी बोलत राहतात आणि मधल्या माणसांमुळे सिग्नल किती मंदावतो, त्यावरून दाटीचा अंदाज येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत यास्मिन मुस्तोफी यांच्या गटाने २०१५ मध्ये या तत्त्वावर, कोणाच्याही हातात फोन नसताना, नऊ माणसांपर्यंत मोजणी करून दाखवली. नऊ माणसे आणि नऊ लाख माणसे यांत फार मोठे अंतर आहे, म्हणून या वाटेकडून लगेच चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पण फोन नसलेल्या माणसालाही पाहू शकणारी ही वाट आहे, म्हणून आपल्यासाठी ती महत्त्वाची.

मग सरळ कॅमेरेच का लावू नयेत, असे कोणी विचारेल. कॅमेरे हवेतच. हाँगकाँगमध्ये १ जुलै २०१९च्या मोर्चात संशोधक पॉल यिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पादचारी पुलांवरून चित्रीकरण करून संगणकाच्या मदतीने मोजणी केली. आयोजकांचा आकडा साडेपाच लाख होता, पोलिसांचा १ लाख ९० हजार आणि संशोधकांचा २ लाख ६५ हजार. चालत्या गर्दीचे मोजमाप दोन्ही पक्षांच्या दाव्यांपासून स्वतंत्रपणे करता येते, हे त्यातून दिसले. पण कॅमेऱ्याला रात्र, धुके, आषाढातला पाऊस, मंडपाचे छत, झाडे आणि हजारो छत्र्या आड येतात. लहरी छत्रीतून आणि कापडी छतातून पलीकडे जातात. कॅमेरा चेहरे टिपतो, सेन्सरला चेहरा दिसत नाही. दोघांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, आणि म्हणूनच दोघे मिळून एकेकट्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात. कॅमेऱ्याचा आणि सेन्सरचा आकडा एकमेकांपासून दूर जाऊ लागला, तर त्या जागी माणूस पाठवून पाहावे. तेवढी सूचना मिळाली तरी तिचे मोल मोठे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे जागेकडे आणि वेगाकडे येऊ. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास करून सांगितले, की एका चौरस मीटरला सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी माणसांचा समूह राहत नाही, ती द्रवासारखी वागू लागते. धक्क्याच्या लाटा तिच्यातून जातात आणि एकेकट्या माणसाच्या ताकदीने त्या थांबत नाहीत. बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. दुसऱ्या बाजूने, सपाट वाटेवरून माणसे किती वेगाने पुढे सरकू शकतात यालाही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा मार्गदर्शिकेत एक मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे, ही कमाल धरली आहे. म्हणजे चार मीटर रुंदीच्या गल्लीतून मिनिटाला सुमारे ३३० आणि तासाला वीस हजारांच्या आत माणसे जाऊ शकतात, तीही सगळे एकाच दिशेने, न थांबता चालत असतील तर. गल्लीच्या तोंडाशी मिनिटाला पाचशे माणसे येत आहेत आणि पलीकडून तीनशेच बाहेर पडत आहेत असे दोन सेन्सर सांगत असतील, तर आत दर मिनिटाला दोनशे माणसे साचत आहेत. पाच मिनिटांत हजार. हे कळायला एकूण मेळ्याला किती लोक आले, हे ठाऊक असण्याची काहीही गरज नाही. आत आणि बाहेर, एवढे दोनच आकडे पुरतात, आणि दोन्हींमध्ये समान टक्क्यांची चूक असली तरी साचण्याची सूचना खोटी ठरत नाही. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी ३९ जणांचा बळी गेला, तो रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर. सगळे शहर दाटले होते म्हणून नव्हे, एक वाट दाटली म्हणून.

यावर सर्वांत कडवा आक्षेप अनुभवी अधिकाऱ्यांकडून येईल. माहिती असूनही काही होत नाही, मग आणखी माहिती कशाला? दक्षिण कोरियातील सोल शहराचे उदाहरण या आक्षेपाला बळ देते. २९ ऑक्टोबर २०२२च्या रात्री इटेवॉन भागातील जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत दीडशेहून अधिक जणांचे प्राण गेले. मोबाइल नेटवर्कवरून गर्दीचा अंदाज देणारी सेवा त्या शहरात तेव्हाच सुरू होती. संध्याकाळी साडेसहापासून दुर्घटनेपर्यंत नागरिकांनी पोलिसांना अकरा वेळा फोन करून धोका सांगितला होता. उणीव होती ती आकड्याचे आदेशात रूपांतर करणाऱ्या माणसाची. जर्मनीतल्या डुइसबर्गला २४ जुलै २०१०च्या ‘लव्ह परेड’मध्ये २१ जण दगावले. परवानगी अडीच लाखांची होती आणि आयोजक चौदा लाखांची भाषा करत होते. प्रत्यक्षात जीव गेले ते आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या एकाच सामायिक उतारावर. मोठ्या आकड्याचा अभिमान आणि एका उताराकडे दुर्लक्ष, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र नांदल्या. म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर असे : माहिती पुरेशी नसते हे खरे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष सेन्सर नकोत असा नाही. सेन्सर बसवण्याआधी उंबरठा ठरला पाहिजे, असा आहे. कोणत्या वाटेवर किती दाटी झाली की मागचे बॅरिकेड बंद होईल, कोणत्या आकड्याला गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबवल्या जातील आणि हा निर्णय वरिष्ठांना न विचारता जागेवरचा कोणता अधिकारी घेईल, हे पर्वणीच्या कितीतरी आधी कागदावर लिहिलेले हवे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली मोठ्या मेळाव्यांच्या नियोजनाची मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यातल्या तत्त्वांना मिनिटामिनिटाच्या मोजणीची जोड दिली, तरच त्या कागदाला जीव येईल.

खासगीपणाचा प्रश्न मी मुद्दाम स्वतंत्र ठेवला आहे, कारण तो सेन्सर किती अचूक आहेत यावर अवलंबून नाही. नेदरलँड्समधल्या एन्सखेडे शहराच्या पालिकेने बाजारपेठेतली वर्दळ मोजण्यासाठी वाय-फाय ऐकणारी यंत्रे लावली. २०२१ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने तिला सहा लाख युरोंचा दंड सुनावला. मोजणीच्या नावाखाली माणसांचा माग काढणे शक्य होत होते, असा ठपका होता. पालिकेला तो मान्य नव्हता. वाद बाजूला ठेवला तरी धोका खरा आहे. पत्त्याचे गणिती रूपांतर करून तो साठवला की ओळख पुसली जाते, असे सांगितले जाते. पण पत्त्यांची एकूण संख्या मर्यादित असल्याने वेगवान संगणक सगळ्या शक्यता तपासून मूळ पत्त्यापर्यंत पोहोचू शकतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. दर्शनाला आलेल्या माणसाची सुरक्षा जितकी महत्त्वाची, तितकाच मोर्चात चालणाऱ्या नागरिकाचा निर्धास्तपणा महत्त्वाचा आहे. ज्या यंत्राने आज यात्रेकरू मोजले जातात, त्याच यंत्राने उद्या आंदोलकांची यादी करता आली, तर लोकांचा मोजणीवरचा विश्वास उडेल आणि तो उडणे योग्यच ठरेल. यावर तांत्रिक उपाय अवघड नाही. पत्ता खांबावरच्या यंत्रातच मोजून तिथेच पुसावा. नियंत्रण कक्षाकडे फक्त संख्या जावी. यंत्र कुठे आहे, काय ऐकते आणि ते टाळायचे तर वाय-फाय कसे बंद करावे, हे मराठी आणि हिंदी फलकांवर ठळक लिहावे. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ मध्ये ५४ स्थानकांवर अशी मोजणी केली, तेव्हा फलक लावून प्रवाशांना सूचना दिली होती. चटई आणि किरणांचे अडसर तर कोणाची ओळख मागतच नाहीत. शक्य तिथे त्यांनाच पहिला मान द्यावा.

सिंहस्थासाठी यातून काय घ्यायचे, हे आता स्पष्ट सांगता येते. नाशिक रोड स्थानक, बसथांबे, रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्या, त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताभोवतीच्या वाटा, यांची रुंदी आधी मोजून प्रत्येकीची दर मिनिटाची कमाल क्षमता जाहीर व्हावी. सेन्सर अशा चिंचोळ्या जागांच्या दोन्ही टोकांना बसवावेत, मोकळ्या मैदानात नव्हे. पर्वणीच्या आधीच्या साध्या गर्दीच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या पथकांनी हाताने मोजणी करून यंत्रांचे प्रमाण ठरवावे आणि ते स्त्रिया, वृद्ध, मुले यांच्यासाठी वेगळे तपासावे. चंद्रभागेच्या वाळवंटात आणि पालखी मार्गावर हाच सराव दर आषाढीला करता येईल, म्हणजे प्रत्येक वारीतून पुढच्या वारीसाठी माहिती साठत जाईल. शेवटी एकूण आकडा सांगायचाच असेल, तर तो एका संख्येत नव्हे, पट्ट्यात सांगावा : इतक्यापासून इतक्यापर्यंत, या रीतीने, इतक्या चुकीच्या शक्यतेसह. माणसे मोजली की फेऱ्या, हेही सोबत लिहावे. मोजणीची पूर्ण पद्धत एखाद्या विद्यापीठाने तपासावी आणि तिचा अहवाल सर्वांना वाचायला मिळावा.

आकडा जितका मोठा तितका सोहळा मोठा, हा हिशेब आपण सोडायला हवा. आयोजकाला मोठा आकडा हवासा वाटतो, विरोधकाला लहान, आणि दोघांनाही तो सोहळा संपल्यावर हवा असतो. चेंगराचेंगरीत सापडणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नसतो. त्याला हवा असतो तो सोहळा चालू असतानाचा, त्याच्या पुढच्या पन्नास पावलांबद्दलचा अंदाज, आणि तो अंदाज ऐकून वेळेवर वाट बंद करणारा अधिकारी. बिनतारी सेन्सर पहिली गोष्ट देऊ शकतात. दुसरी शासनाने द्यायची आहे. २०२७च्या पर्वण्या यशस्वी झाल्या की नाही, हे किती कोटी आले यावरून नव्हे, तर आलेले सगळे सुखरूप घरी पोहोचले का, यावरून ठरवावे.